शेजारचं गाणं

ख्यालगायक अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची रेकॉर्ड मी आजवर ऐकलेल्या सगळ्या अल्बममध्ये सर्वांत वर ठेवते. हे ऐकून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. दोन बाजूंना दोन राग, गाणारा एकच. याला अल्बम कसं म्हणायचं, असा त्यांचा प्रश्न असतो. मला मात्र अल्बम म्हणजे काय हे १९६० सालच्या त्या तबकडीनेच शिकवलं.

मारव्यात पंचम (प) नाही आणि षड्ज (सा) असून नसल्यासारखा. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये गाणं हिंडत राहतं. षड्जावर येऊन टेकायची वेळ झाली की खाँसाहेब रिषभावरूनच मागे फिरतात. ‘पिया मोरे अनत देस गइलवा’ ही विलंबित बंदिश झुमरा तालात आहे आणि लय इतकी संथ की समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणंही आपण थोड्या वेळाने सोडून देतो. प्रियकर परदेशी गेलाय आणि त्याच्याबरोबर षड्जही गेलाय, असं काहीतरी त्या गाण्यात आहे. मग बाजू पालटायची. दरबारी सुरू होते आणि ज्या स्वरासाठी कान इतका वेळ आसुसले होते तो षड्ज इथे खर्जाकडे झुकून ऐसपैस बसलेला असतो. दरबारी एरवीही भव्यच. पण ती मारव्यानंतर ऐकली तर तिचा षड्ज दुप्पट रुंद वाटतो. रागाच्या व्याकरणात याचं कारण सापडणार नाही, ते तबकडीच्या मागच्या बाजूला आहे.

तेव्हापासून कुठल्याही शैलीचा अल्बम हाती आला की मी एकच बघते. या गाण्याला हा शेजार मिळाला म्हणून त्याचं काय झालं? गाणी एकेकटी उत्तम असणं वेगळं आणि त्यांचा मिळून अल्बम होणं वेगळं. उत्तम गाण्यांचे कितीतरी अल्बम मला याच कारणाने आवडत नाहीत, आणि मध्यम गाण्यांचे काही अल्बम मी वर्षानुवर्षं सोडलेले नाहीत.

शेजाराचा हा हिशोब खरं तर एका स्वरापासूनच सुरू होतो. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला. आधी पाऊस, मेघगर्जना, दूरवर घंटा. मग गिटारवर तीन स्वर: षड्ज, तार षड्ज आणि त्याखालचा तीव्र मध्यम. बस, एवढंच, पुन्हा पुन्हा. हेवी मेटलची सुरुवात या तीन स्वरांपासून झाली असं अनेकजण मानतात आणि मलाही ते पटतं. आता, तीव्र मध्यम आपल्या कानांना काही परका नाही. यमनात तो किती लडिवाळ वाटतो! कारण यमनात त्याच्या लगेच वर पंचम उभा असतो. मध्यमाचा ताण तिथे सुटतो. सॅबथच्या त्या ओळीत मात्र पंचम येतच नाही. मध्यम थरथरत लोंबकळत राहतो आणि अंगावर काटा येतो. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात तुटली होती. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा चढवल्या. अल्बमची बहुतेक सगळी गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. ‘मेटल म्हणजे नुसता गोंगाट’ म्हणणाऱ्यांना मी ही पहिली सहा मिनिटं ऐकवते. त्यात मोकळी जागा किती आहे ते बघा म्हणते.

सुरुवातीच्या काळात तबकडीवर शेजाराला जागाच नव्हती. १९०२ साली गौहरजान यांनी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तीनेक मिनिटांत राग मांडायचा, ताना घ्यायच्या आणि शेवटी स्वतःचं नाव सांगून मोकळं व्हायचं, असा मामला होता. १९४८ साली लाँग-प्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं सलग मिळू लागली. ख्यालाला थोडा श्वास मिळाला. जॅझला तर घरच मिळालं.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझचा सर्वांत लाडका अल्बम. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की नवं काय सांगायचं, असं वाटावं. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. ती वास्तू मुळात चर्चची. लोक ‘सो व्हॉट’वर जीव टाकतात आणि ते गाणं आहेच तसं, सोळा मात्रांची नाही तर सोळा आवर्तनांची ऐट, मग अर्धा स्वर वर सरकून आठ, पुन्हा खाली येऊन आठ. पण मला त्या अल्बमचा जीव पहिल्या बाजूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्यांच्या सांध्यात दिसतो.

दुसरं गाणं ‘फ्रेडी फ्रीलोडर’. सगळ्या अल्बमभर पियानोवर बिल एव्हान्स आहे, फक्त या एका गाण्यात विंटन केली. केलीचा हात खेळकर, ब्लूजमध्ये मुरलेला. तो वाजवायला लागला की खोलीत कुणीतरी हसत आल्यासारखं वाटतं. गाणं संपतं आणि ‘ब्लू इन ग्रीन’ येतं. एव्हान्स परत आलेला असतो. कॅननबॉल ॲडर्ली थांबलेला असतो, त्यामुळे दोन सॅक्सोफोनऐवजी एकच उरतो. डेव्हिसच्या ट्रम्पेटला म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारं झाकण, लावलेला आहे आणि तो प्रत्येक स्वर जरा उशिरा सोडतो. पाच-साडेपाच मिनिटांचं हे गाणं मी एकटं काढून ऐकून पाहिलंय. सुंदरच आहे, पण जरा गोडसर वाटतं. केलीच्या हसऱ्या गाण्याला लागून ऐकलं की ते गोडसर राहत नाही, एकटं होतं.

या बाजूची आणखी एक गंमतीदार हकीकत आहे. पहिल्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित संथ चाललं, त्यामुळे रेकॉर्डवर ती तीनही गाणी मूळ स्वरापेक्षा थोडी चढी वाजत राहिली. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ जगाने हा अल्बम दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकला. मी दोन्ही ऐकलेत. दुरुस्त केलेला योग्य आहे आणि मी तोच ऐकते. त्यातली उतरलेली पट्टी ‘ब्लू इन ग्रीन’ला तर जास्तच शोभते.

त्याच स्टुडिओत आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला अल्बम या प्रकाराचं सगळ्यांत शुद्ध उदाहरण वाटते. १९५५ साली ग्लेन गूल्ड नावाच्या बावीस वर्षांच्या कॅनडियन मुलाने तिथे बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवली. १९८१ साली तो परत तिथेच आला आणि तीच रचना पुन्हा वाजवली. रचना अशी आहे: सुरुवातीला एक एरिया, म्हणजे संथ, नटवी अशी छोटी चाल. मग तिच्या खर्जावर बेतलेली तीस रूपं. शेवटी तीच एरिया, एकही स्वर न बदलता. बाखने शेवटी काही नवं लिहिलेलं नाही. तरीही ती दुसऱ्यांदा वाजते तेव्हा वेगळीच ऐकू येते, कारण मध्ये तीस रूपं होऊन गेलेली असतात.

१९५५ ची आवृत्ती साडेअडतीस मिनिटांची. वेग थक्क करणारा. बोटं पळत नाहीत, उडतात. १९८१ ची एक्कावन्न मिनिटांची. पहिल्या वेळी एरिया दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्या वेळी तीन मिनिटांच्या वर जाते. जाणकारांत दोन तट आहेत आणि मी १९८१ च्या बाजूची आहे, ठामपणे. तरुण गूल्ड प्रत्येक रूप स्वतंत्र चमत्कार म्हणून वाजवतो. पन्नाशीला टेकलेला गूल्ड एका रूपाची नाडी पुढच्याला देतो. वेग बदलतो तेव्हाही आतला ठोका कुठल्यातरी पटीत तोच राहतो. तबल्यावर ठाय, दुगुन, चौगुन ऐकलेल्या कानाला हे फार लवकर कळतं. मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, त्याचा काहींना त्रास होतो. मला होत नाही. ती आवृत्ती १९८२ च्या सप्टेंबरात बाजारात आली आणि ऑक्टोबरच्या ४ तारखेला तो गेला. हे माहीत असल्याने शेवटची एरिया जड वाटते असं म्हणणारे आहेत. मी म्हणते, माहीत नसतानाही ती जड वाटावी अशीच त्याने ती वाजवलीय.

रॉककडे वळते. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ १९६७ सालचा. एका काल्पनिक वाद्यवृंदाचा कार्यक्रम अशी त्याची कल्पना, आणि त्यासाठी तो फार नावाजला गेला. मला ती कल्पना पहिल्या दोन गाण्यांपलीकडे जाताना दिसत नाही. शेवटाकडे एक आठवण दिली जाते, इतकंच. गाणी म्हणून बघितली तर आदल्या वर्षीचा ‘रिव्हॉल्व्हर’ जास्त भरीव आहे. पण शेजार म्हणून बघितलं तर ‘पेपर’मध्ये एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी सगळं माफ करीन. दुसरी बाजू जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’ने सुरू होते. दिलरुबा, तबला, तंबोरा, स्वरमंडल; लंडनमधल्या भारतीय वादकांनी वाजवलेले, आणि त्यांची नावं तेव्हाच्या वेष्टनावर नव्हती, ही गोष्ट मला आजही खटकते. पाच मिनिटं माया आणि मी-तूपणा यांवरचं गंभीर गाणं चालतं. ते संपताच हॅरिसनने हास्याचा एक तुकडा चिकटवलाय. लोक हसतात आणि क्लॅरिनेट घेऊन ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ डोलत येतं: म्हातारपणी तू मला जेवू घालशील ना, असं विचारणारं. हा सांधा पुष्कळांना ओबडधोबड वाटतो. मला तो अल्बमभरातला सर्वांत शहाणा वाटतो. वैराग्याच्या गाण्यानंतर लगेच संसाराचं गाणं ठेवलंय, आणि दोघांनाही एकमेकांचं ओझं होत नाही.

पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’बद्दल (१९७३) माझं मत थोडं वेगळं आहे. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट गाण्यात नाही, बाजू पालटण्यात आहे. पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने संपते. क्लेअर टोरी या पाहुण्या गायिकेला बोलावलं आणि शब्द नाहीत, मरणाबद्दल काहीतरी गा, एवढंच सांगितलं. तिने जे गायलं ते ऐकताना मला आलापाशिवाय दुसरं काही सुचत नाही. आधी हाक, मग किंकाळी, मग हळूहळू विझत गेलेला आवाज. त्या दिवसाचे तिला ३० पाउंड मिळाले. पुढे २००४ मध्ये तिने दावा लावला, आणि तडजोडीनंतर सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. ते लागायलाच हवं होतं. तिच्याशिवाय ते गाणं म्हणजे पियानोची एक सुरेख साथ आहे. तर, तिचा आवाज विझतो आणि रेकॉर्ड संपते. उठायचं, तबकडी उलटी करायची. मग नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याची घंटी, सात मात्रांत फिरणारं ‘मनी’. आज हा अल्बम सलग वाजतो आणि मरणाच्या पाठोपाठ क्षणात गल्ला वाजू लागतो. मधली ती उठून जाण्याची मिनिटभराची शांतता गेली. ती कुणी लिहिलेली नव्हती, तरी मी तिला त्या अल्बमचाच भाग मानते, आणि आजही तिथे थांबा देऊन ऐकते.

याच्या बरोब्बर उलट मार्व्हिन गे या गायकाचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. १९७१ सालचा, पस्तीस-छत्तीस मिनिटांचा, आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात माझ्या मते याच्या तोडीचा शेजार कुठे नाही. गेचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला होता. पहिल्या गाण्यात युद्धाबद्दलचा सगळा शोक आहे, आणि दुसरं गाणं परतलेल्या सैनिकाचं: काय चाललंय रे, नोकऱ्या आहेत का, अमुक संघ यंदा जिंकणार का? पहिल्या गाण्याच्या मागे जे लोक गप्पा मारत असतात त्यांच्यातच तो सैनिक येऊन मिसळल्यासारखा वाटतो. गाणी थांबत नाहीत. ठेका तोच राहतो, स्वरमेळ हलकेच सरकतो आणि कधी नवं गाणं सुरू झालं ते कळत नाही. व्यसन, मुलं, देव, विषारी हवा-पाणी, शहरातली गरिबी. विषयांची यादी वाचली तर भाषण वाटेल. ऐकताना भाषण का वाटत नाही? कारण गे स्वतःच्याच दोन आवाजांत गातो. दोन वेगवेगळ्या वेळी गायलेले मुखडे तंत्रज्ञाने चुकून एकत्र वाजवले आणि मार्व्हिनला ते आवडलं. एक आवाज सांगतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून उत्तर देतो. आरोप करणारा आणि समजूत घालणारा एकाच गळ्यात. रेकॉर्ड काढणाऱ्या मोटाउन कंपनीच्या मालकाला अल्बमच्याच नावाचं ते पहिलं गाणं बाजारात आणायचंच नव्हतं. ते आलं, धडाक्यात खपलं आणि मगच अल्बमला वाट मिळाली.

आपल्याकडे या जातीचं काम मला हृदयनाथ मंगेशकरांच्या ‘शिवकल्याण राजा’त दिसतं. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या वर्षी, १९७४ मध्ये तो निघाला. लताबाईंचा आवाज आणि मधे मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. रामदासांचं ‘निश्चयाचा महामेरू’, भूषणाचा ‘इंद्र जिमि जंभ पर’, सावरकरांचं ‘हे हिंदुनृसिंहा’, कुसुमाग्रजांचं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. यांतली दोन सतराव्या शतकातली, शिवाजीमहाराजांच्या हयातीतल्या कवींची, आणि दोन विसाव्या. भाषा तर आणखी लांबलांबच्या. भूषणाची ब्रज कुठे आणि कुसुमाग्रजांची मराठी कुठे. संगीतकाराने त्यांच्यातलं अंतर बुजवायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला फार आवडतं. भूषणाचा छंद टापांसारखा जातो, अनुप्रास दातांवर वाजतात. ‘वेडात मराठे’मध्ये तोच आवेग आहे पण शेवटाला गाणं मोकळं होत जातं, सात घोडेस्वार दिसेनासे होईपर्यंत. स्तुतीच्या गाण्यांच्या रांगेत एक पराभवाचं गाणं आहे, आणि त्याच्यामुळे स्तुतीला वजन येतं. सुटं ‘इंद्र जिमि जंभ पर’ आता जिथे तिथे वाजतं. पण ज्याने ते मूळ जागी ऐकलंय त्याला या सुट्या गाण्यात अर्धाच आवेग हाती लागतो.

मराठीत निवेदन आणि गाणं यांची जोडी पुढे ‘गारवा’नेही केली, सौमित्रचे शब्द आणि मिलिंद इंगळेंचा आवाज. त्यातलं कवितेचं वाचन गाण्यापेक्षा जास्त जणांना पाठ आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. बोललेल्या ओळींनी पाऊस जवळ आणून ठेवला म्हणून तर गाणं इतक्या हलक्या आवाजात गाता आलं.

दोन अल्बम मी नेहमी जोडीने ऐकते. दोघेही दिवसाच्या प्रहरांमधून जातात. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. एका मेंढपाळाचा दिवस. सकाळचा अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. संतूर-बासरीचं कौतुक सगळे करतात. मी काब्रांच्या गिटारची बाजू घेईन. संतूरला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, नाही. आघात केला की स्वर झंकारत विरतो. बासरीला मींड आहे पण श्वास संपतो. गिटारची तार या दोघांच्या मधे लांबच्या लांब सरकत राहते आणि दोघांना एका चित्रात धरून ठेवते. ती काढून टाकली तर दोन एकल वादनं उरतील.

दुसरा चरणजित सिंग यांचा ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’, १९८२ सालचा. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागासाठी ज्युपिटर-८. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती त्यांना मींडेसारखी वापरता आली. शिकागोत याच यंत्राने ॲसिड हाउस नावाचं संगीत घडलं त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा अल्बमकडे कुणी फिरकलं नाही आणि २०१० मध्ये तो पुन्हा निघाल्यावर जगभर चकित लोकांच्या रांगा लागल्या. त्यातला ललित ऐकताना मीही दर वेळी चकित होते. दोन मध्यम लागोपाठ आणि खाली यंत्राचा निर्विकार ठोका! पण अल्बम म्हणून तो मला पूर्ण ऐकवत नाही. ललितपासून यमन, मालकंसापर्यंत सगळे प्रहर होतात, तुकडे मात्र सगळे पाचेक मिनिटांचे, ठेका तोच, लय तीच. शेजारी कुणीही आलं तरी या दहांपैकी एकावरही काही परिणाम होत नाही. मेंढपाळाच्या संध्याकाळला जी दुपार कारणीभूत आहे, ती इथे नाही. म्हणून मी त्यातले दोन-तीन राग निवडून ऐकते, आणि त्या दोन-तीनांवर माझं मनापासून प्रेम आहे.

‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ १९९६ च्या मार्चमध्ये हवानात ध्वनिमुद्रित झाला. आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक येणार होते, त्यांचा व्हिसा जमला नाही, मग क्यूबाच्या जुन्या गायक-वादकांना गोळा केलं. कोम्पाय सेगुंदो तेव्हा नव्वदीला आलेले. रुबेन गोन्सालेस यांच्याकडे स्वतःचा पियानोही उरला नव्हता. इब्राहिम फेरेर गाणं सोडून बसले होते. ही कहाणी इतकी हृद्य आहे की अल्बम तिच्या आडोशाला जातो, म्हणून मी मुद्दाम तिसऱ्या गाण्यापासून पाचव्यापर्यंत ऐकायला सांगते. तिसरं ‘एल क्वार्तो दे तुला’: तुलाच्या खोलीला आग लागलीय आणि सगळं गाव धावतंय, गायक जागच्या जागी नव्या ओळी रचतायत. चौथ्यात शब्दच नाहीत, रुबेन यांचा पियानो: संथ सुरुवात, एकेक स्वर पुसून मांडल्यासारखा, मग बोटांना पूर्वीचं सगळं आठवत जातं. पाचवं ‘दोस गार्देनियास’, फेरेर यांचा आवाज, प्रेयसीला दोन फुलं. आगीच्या दंग्यानंतर लगेच ही फुलं आली असती तर ती कुणाला दिसलीच नसती. पियानोने मधली जागा झाडून दिली.

सीडी १९८२ साली आली आणि तिच्यावर चौऱ्याहत्तर मिनिटं मावू लागली. माझ्या मते अल्बमचं त्याने भलं केलं नाही. जागा आहे म्हणून गाणी भरली गेली. नव्वदच्या दशकातले हिपहॉपचे कित्येक अल्बम वीस गाण्यांनी सुजलेत. म्हणून नॅस या रॅपरचा ‘इलमॅटिक’ (१९९४) मला इतका प्रिय. वीस वर्षांचा पोरगा, दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत. हिपहॉपशी सलगी नसलेल्यांनी तिसरं गाणं आणि चौथं गाणं एकत्र ऐकावं. तिसरं ‘लाइफ्स अ बिच’: जगण्यात काही राम नाही, कधी मरू ते माहीत नाही. त्याच्या शेवटी बोलणं थांबतं आणि एक कॉर्नेट वाजू लागतो, सावकाश, थोडा उदास, थोडा मायेचा. तो नॅसच्या वडिलांचा, ओलू दारांचा. मुलगा हताश होऊन बोलून गेला त्यावर बाप काहीच समजावत नाही, नुसता वाजवतो. आणि त्याला लागून ‘द वर्ल्ड इज युअर्स’ येतं, अहमद जमालच्या जॅझ पियानोचा तुकडा फिरवून बांधलेलं. जग तुझं आहे. हे वाक्य त्याआधीच्या गाण्याशिवाय पोकळ फुशारकी ठरलं असतं.

ब्रायन इनो या संगीतकाराने तर शेजार ठरवायचंच सोडून दिलं. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’च्या (१९७८) दुसऱ्या तुकड्यात ‘आ’काराचे काही लांबलचक स्वर आहेत, प्रत्येक स्वर वेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यावर. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा पंचवीस-सव्वीस सेकंदांनी, असं. त्यामुळे कोण कुणाशेजारी पडेल ते दर वेळी बदलतं. कधी दोन स्वर एकमेकांना लागतात, कधी लांब शांतता. तंबोरा लावून नुसतं बसायची सवय असलेल्या माणसाला हे ऐकायला काहीच कष्ट पडत नाहीत.

आता गाणी कुठल्याही क्रमाने वाजतात. २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेच्या सांगण्यावरून स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपने अल्बमच्या पानावरचं क्रम विस्कटणारं बटण पुढून हटवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आणि क्रमाबद्दल बोलायचं तर बीटल्सचा ‘ॲबी रोड’ (१९६९) वगळून चालणार नाही. त्याच्या दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या गाण्यांची सलग माळ आहे. तिच्यात ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ यांच्या मधे आधी तेवीस सेकंदांचं ‘हर मॅजेस्टी’ होतं. पॉल मॅकार्टनीला ते तिथे रुचलं नाही, त्याने काढायला लावलं. बीटल्सचं काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक होता, म्हणून जॉन कर्लँडर या तंत्रज्ञाने तो तुकडा टेपच्या अगदी शेवटी कोरी पट्टी सोडून जोडून ठेवला. अल्बम तसाच छापला गेला. त्यामुळे ‘दि एंड’ संपतं, सुमारे १४ सेकंद काहीच नाही, आणि एकदम मोठ्या आवाजात एक ठोका पडून हे गाणं सुरू होतं. तो ठोका त्याचा नाहीच. तो ‘मस्टर्ड’चा शेवटचा, कापताना याच्याबरोबर आलेला. आणि याचा स्वतःचा शेवटचा स्वर नाही, तो ‘पॉलिथीन पॅम’च्या सुरुवातीत राहून गेला. २०१९ च्या आवृत्तीत ती माळ मूळ क्रमाने ऐकायला मिळते. मी ती लक्ष देऊन ऐकली. मूळ जागी ‘हर मॅजेस्टी’ दोन दणकट गाण्यांची लय मोडतं आणि स्वतःही कुणाच्या लक्षात राहत नाही. मॅकार्टनीचं काढणं बरोबर होतं, कर्लँडरचं जपून ठेवणंही बरोबर होतं, आणि मी ‘दि एंड’नंतर कधीच उठत नाही.